नोकरी-धंद्याच्या इंग्रजीसाठी अँकी: यंत्रणा झकास, तयार डेक टाकाऊ

अँकी हे फ्लॅशकार्डांचं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर; कितपत आठवलं त्यावरून पुढच्या उजळणीची तारीख ठरते) सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, आणि त्याचा चेहरामोहरा पाहिला तर तेव्हापासून कुणी हात लावला नसावा असंच वाटतं. डॉक्टरकीची मुलं ते वापरतात, जपानी शिकणारे वापरतात. ऑफर लेटर, पगाराची बोलणी, गुंतवणूकदारांसमोरचं सादरीकरण या कामांचं इंग्रजी पक्कं करायला ते कितपत उपयोगी, ते पाहू. निकाल आधीच सांगून टाकतो: यंत्रणा उत्तम आहे, पण या विषयाचे जे आयते डेक (कार्डांचे गठ्ठे) मिळतात ते आपल्याकडच्या उमेदवाराला फारसे कामाचे नाहीत. कार्डं स्वतः लिहायची तयारी असेल तरच यात पडा.

घ्यायचं काय? अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड: फुकट, जाहिराती नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्सवर मूळ अँकी, तेही फुकट. आयफोनवरचं अँकीमोबाइल मात्र विकत घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नाही. पैसे घालायचे नसतील तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी होते. अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधताना नावात 'अँकी' असलेली आणि वर्गणी मागणारी अ‍ॅपही समोर येतात. त्यांचा मूळ प्रकल्पाशी संबंध नाही. नाव नीट वाचून मगच उतरवून घ्या.

आता आयत्या डेकांबद्दल. बहुतेकांत एका बाजूला सुटा शब्द आणि दुसऱ्या बाजूला कोशातली व्याख्या असते, तीही ब्रिटिश किंवा अमेरिकन नोकरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च), इन-हँड (प्रत्यक्ष हातात येणारा पगार), एलपीए (वर्षाला किती लाख), रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र), फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब), नोटीस बाय-आउट (नोटिशीचे दिवस पैसे भरून टाळणं) हे आपल्या एचआरच्या तोंडी रोज असणारे शब्द त्यांत सापडत नाहीत. जे सापडतात तेही कधीकधी गोत्यात आणतात. 'ले-ऑफ' घ्या. आयटीवाले तो कायमची कपात या अर्थाने वापरतात. भारतीय कामगार कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज नाही किंवा यंत्र बिघडलं म्हणून काही काळ काम देता न येणं. माणूस हजेरीपटावर राहतो. कायमचं काढण्याला तिथे 'रिट्रेंचमेंट' म्हणतात. कारखान्यात एचआरची नोकरी धरायची आणि हा फरक ठाऊक नाही, तर मुलाखत तिथेच घसरते. यासाठी दोन वेगळी कार्डं हवीत, आणि ती तुम्हालाच लिहावी लागतील.

कार्ड लिहिताना 'बेसिक' हा साध्या प्रश्न-उत्तराचा प्रकार बाजूला ठेवा आणि 'क्लोझ' निवडा. यात वाक्य पूर्ण लिहायचं आणि हवा तो शब्द निवडून बटण दाबायचं. त्या शब्दाभोवती दुहेरी महिरपी कंस येतात आणि उजळणीच्या वेळी तिथे रिकामी जागा दिसते. झाकायचा शब्द नेमका कोणता, यात सगळी गोम आहे. 'शी इज सर्व्हिंग अ थ्री-मंथ नोटीस पीरिअड' या वाक्यात बरेच जण 'नोटीस पीरिअड' झाकतात. तो तर सगळ्यांना येतोच. अडतं ते 'सर्व्हिंग'पाशी, म्हणून तो झाका. तसंच 'रेझ अ राउंड' (गुंतवणुकीची फेरी उभारणं) मधला रेझ, 'निगोशिएट द ऑफर'मधला निगोशिएट, 'रिझाइन फ्रॉम'मधला फ्रॉम. नामं आपोआप कानावर पडत राहतात. त्यांच्या जोडीला येणारं क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय पाठ नसतं म्हणून बोलताना माणूस अडखळतो.

वाक्य १२ ते १५ शब्दांपेक्षा लांब नको. एका कार्डावर एकच रिकामी जागा. खाली जादा रकान्यात मराठीत एक ओळ, बस.

पगाराच्या शब्दांना आकडे जोडले नाहीत तर ते डोक्यात राहत नाहीत. एक नमुना. सीटीसी वर्षाला ६ लाख, बेसिक (मूळ पगार) त्याच्या निम्मं म्हणजे महिना २५,००० रुपये. कंपनीचा पीएफचा वाटा पूर्ण बेसिकवर १२ टक्के धरला तर वर्षाचे ३६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. व्हेरिएबल पे (कामगिरीवर अवलंबून मिळणारा भाग) ६०,०००. हे सगळं ६ लाखांत मोजलेलं असतं आणि महिन्याच्या पगारात येत नाही. राहिले ४,८९,५७०, महिन्याला सुमारे ४०,८००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला, की इन-हँड सुमारे ३७,६००, तेही आयकर कापला जात नाही असं धरून. सहा लाखांना बाराने भागून ५०,००० ची स्वप्नं पाहणाऱ्याने याची चार कार्डं करावीत: सीटीसी, एम्प्लॉयर काँट्रिब्यूशन, व्हेरिएबल, इन-हँड. चारही एकाच कार्डात कोंबली की दर वेळी तीन आठवतात, एक निसटतं आणि 'आठवलं'चं बटण दाबायचं की 'विसरलं'चं, हेच ठरत नाही.

स्टार्ट-अपच्या शब्दांचंही तेच. 'बर्न रेट' (महिन्याला किती पैसा जळतो) आणि 'रनवे' (शिल्लक किती महिने पुरेल) एकत्र शिका: बँकेत ६० लाख, महिन्याचा खर्च ८ लाख, जमा ३ लाख, तर नेट बर्न ५ लाख आणि रनवे १२ महिने. ग्रॉस बर्न ८ लाखच. गुंतवणूकदाराने नुसतं 'बर्न' म्हटलं तर कोणता, हे विचारून घ्यावं. 'प्री-मनी' (गुंतवणूक येण्याआधीचं कंपनीचं मूल्य) आणि 'पोस्ट-मनी' (आल्यानंतरचं) यांत गल्लत झाली तर थेट मालकी जाते. प्री-मनी मूल्यांकन ४ कोटी आणि १ कोटी आले, तर पोस्ट-मनी ५ कोटी आणि गुंतवणूकदाराचा वाटा २० टक्के. घाईत २५ सांगणारे पुष्कळ. तेच ४ कोटी पोस्ट-मनी असतील तर मात्र २५ बरोबर.

ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरल्या भावाने घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क. त्याची कार्डं नोकरदारांनीही करावीत, कारण ऑफर लेटरात आता ती सर्रास असतात. 'ग्रँट' (ऑप्शन देऊ करणं), 'व्हेस्टिंग' (हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होणं), 'क्लिफ' (त्याआधी काहीच पक्कं होत नाही अशी मुदत), 'एक्सरसाइज प्राइस' (शेअर घेताना भरायचा भाव) हे चार शब्द. ४,८०० ऑप्शन, चार वर्षांचं व्हेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ असेल तर अकराव्या महिन्यात नोकरी सोडणाऱ्याला शून्य. बारा महिने भरले की एकदम १,२०० आणि पुढे दरमहा १००. आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांत ग्रँट आणि व्हेस्टिंग यांच्यात किमान एक वर्षाचं अंतर लागतंच. आणि व्हेस्ट झालं म्हणजे शेअर हातात पडला असं नव्हे. एक्सरसाइज प्राइस भरावी लागते. शेवटच्या वाक्याचं वेगळं कार्ड करा.

सेटिंगकडे वळू. नव्या कार्डांची मर्यादा मुळात दिवसाला २० असते आणि तिथेच बहुतेकांचा घात होतो. रोज २० नवी घेत राहिलात तर काही आठवड्यांत रोजची उजळणी २०० च्या आसपास जाते. नोकरी करणाऱ्याला ते झेपत नाही. चार दिवस चुकले की साचलेला ढीग बघून अ‍ॅपच काढून टाकलं जातं. मर्यादा ५ वर आणा. उजळणी ५० च्या घरात राहते, लोकलमध्ये उभ्या उभ्या उरकते. डेकच्या पर्यायांमध्ये एफएसआरएस नावाचं नवं वेळापत्रक आहे, ते चालू करा आणि आठवणीचं लक्ष्य ०.९० वरच (उजळणीच्या वेळी दहातली नऊ आठवावीत) राहू द्या. ०.९५ च्या पुढे नेलं की फायदा थोडा आणि काम भरमसाट वाढतं.

उत्तर पाहून दाबायच्या बटणांत एक चूक फार महागात पडते: विसरलं तरी 'अगेन'ऐवजी 'हार्ड' दाबणं. 'हार्ड'चा अर्थ कष्टाने का होईना, पण आठवलं. वेळापत्रक तुमच्यावर विश्वास ठेवतं आणि न येणारं कार्ड आणखी लांबच्या तारखेला ढकलतं. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच' अशी खूण लावते. ते घोकत बसू नका; वाक्य बदलून नव्याने लिहा.

एक्सेलमध्ये यादी करून आणायची असेल तर साध्या सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली मजकुराची फाइल) जतन करू नका, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय घ्या. पहिला रकाना एकमेव लागतो, ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही: पहिल्या रकान्यात 'इक्विटी' लिहिलंत आणि त्याच प्रकारची 'इक्विटी'ची नोंद संग्रहात आधीच असली, तर मूळ सेटिंगप्रमाणे आधीच्या नोंदीवर नवी चढते. म्हणून पहिल्या रकान्यात पूर्ण वाक्यच ठेवा. फोन आणि संगणक पहिल्यांदा जोडताना अपलोड की डाउनलोड असं विचारलं जाऊ शकतं. कार्डं ज्या यंत्रावर आहेत तिथून अपलोड. उलट दाबलं तर रिकामा संग्रह भरलेल्यावर बसतो. आधी बॅकअप काढा.

उणिवाही आहेत. उत्तर टाइप करायची सोय आहे, पण फोनचा कीबोर्ड दोन अक्षरांतच पूर्ण शब्द सुचवतो आणि परीक्षा संपते. सूचना बंद करा किंवा उत्तर मोठ्याने बोला. उच्चार ऐकू येण्यासाठी कार्डाच्या टेम्पलेटमध्ये हात घालावा लागतो, आणि ज्याला तांत्रिक खटपटीचा कंटाळा आहे तो तिथेच थांबेल. तरी 'डेट' (कर्ज; स्पेलिंगमधला बी उच्चारायचा नसतो), 'रिसीट' आणि 'कलीग' यांच्यासाठी ती खटपट कराच. 'डेब्ट' म्हणणारा उमेदवार पत पुरवणाऱ्या कंपनीत उठून दिसतो. बोलण्याचा सराव इथे मिळत नाहीच, त्याला जिवंत माणूस लागतो.

मुलाखत पुढच्या आठवड्यात असेल तर अँकी घेऊ नका. तिचा खेळ महिन्यांचा आहे. तेवढ्या वेळात जाहिरातीतले आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे वीसेक शब्द वहीत वाक्यांसकट उतरवून कुणाला तरी म्हणून दाखवणं जास्त कामाचं. हातात तीन महिने असतील, किंवा नोकरी लागून प्रोबेशन चालू असेल, तर आज उतरवून घ्या आणि पहिली पाच कार्डं स्वतःच्याच ऑफर लेटरातून करा.