चुनखडीच्या रानात ईडीडीएचए लोह: पैसे कुठे वसूल, कुठे वाया

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कृषी केंद्रावर लोह तीन रूपांत मिळतं: हिराकस (फेरस सल्फेट), ईडीटीए (१२ टक्के) आणि ईडीडीएचए (६ टक्के). ईडीटीए आणि ईडीडीएचए ही लोहाला धरून ठेवणारी संयुगं, म्हणजे चिलेट. ईडीडीएचए सगळ्यात महाग आणि टक्का निम्मा, म्हणून बरेच जण पुडा उलटून बघतात नि परत ठेवतात. टक्क्यावर जाऊ नका.

आपली काळी माती बेसॉल्टची, लोह तिच्यात मुबलक. पण सामू (पीएच) ८ च्या वर गेला आणि मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) असला की ते गंजासारख्या ऑक्साइडमध्ये अडकतं. सामू एकाने वाढला की विरघळणारं फेरिक लोह सुमारे हजारपटीने घटतं. अशा जमिनीत टाकलेल्या हिराकसचाही लवकरच गंज होतो. ईडीटीए साधारण साडेसहा सामूपर्यंत लोह नीट धरतं. पुढे मातीतलं कॅल्शियम लोहाला ढकलून स्वतः जागा घेतं. ईडीडीएचए मात्र ९ च्या आसपासही पकड सोडत नाही. जादा पैसे या पकडीचे.

घेताना लेबलवर ‘ऑर्थो-ऑर्थो’ (ईडीडीएचएचा लोह घट्ट धरणारा प्रकार) किती टक्के आहे ते पाहा. नुसतं ‘लोह ६ टक्के’ लिहिलं असेल तर थांबा. ऑर्थो-पॅरा प्रकार चुनखडीत फार टिकत नाही. द्रावण गडद लाल होतं, पण रंगावरून दर्जा ठरवू नका, रंग कोणीही घालू शकतो.

ठिबकमधून मुळाशीच द्या. फवारणीत हे घालणं म्हणजे पैसा उन्हात वाळवणं, कारण उजेडात ते तुटतं. फवारायचंच तर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी. द्रावण तपकिरी पडलं तर फेकून द्या.

माती अहवालात डीटीपीए लोह (पिकाला मिळू शकणारं लोह) ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. आकडा बरा असूनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर मुक्त चुन्याचा रकाना वाचा आणि ठिबकचा वेळ कमी करा. पाणी साचलं की मुळाशी बायकार्बोनेट वाढतं नि ते पिकाला लोह घेऊ देत नाही. तिथे हा महागडा पुडाही अर्धाच उपयोगी.

सामू साडेसहाच्या खाली असलेल्या जमिनीसाठी घेऊच नका, ईडीटीए पुरे. चुनखडीसाठी पाचपैकी चार. एक गुण किमतीचा कापला.