‘द लॉटरी’ आणि ‘सद्गती’: शीर्षकातच दडलेला घाव

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८च्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात आली, प्रेमचंदांची ‘सद्गती’ तिच्या आधीची. दोन्हींचा उपरोध नावातच आहे. एकीत चिठ्ठी लागते ती गावकऱ्यांच्या दगडांनी मरण्यासाठी, दुसरीत पायाला फास लावून प्रेत फरफटत नेलं जातं.

जॅक्सन शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाही. गावातली टेसी भांडी टाकून, ॲप्रनला हात पुसत उशिरा येते, हसते-बोलते. मग तिच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो आणि तिच्याच छोट्या डेव्हीच्या हातात कुणीतरी खडे देतं. त्या खड्यांपाशी मी दरवेळी थांबते.

प्रेमचंद काहीच लपवत नाहीत. लेकीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढायला गेलेला दुखी नावाचा अस्पृश्य चांभार पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकडाची गाठ फोडताना मरतो. चिलमीला विस्तव मागतो, तर पंडिताची बायको लांबूनच फेकते. निखारा डोक्यावर पडतो. त्यावर दुखीच्या मनात येतं, पवित्र घर बाटवल्याचं हे फळ!

मला ‘सद्गती’ जास्त छळते. लॉटरीचं गाव कल्पनेतलं आहे. विस्तव जितक्या लांबून फेकला, तितक्याच लांबून ओंजळीत पाणी ओतलेलं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय.