ओयांताइताम्बोत घेतलेले माचू पिचूचे तिकीट

पेरूमध्ये माचू पिचू या इंका साम्राज्याच्या काळातल्या डोंगरी नगराचे अवशेष पाहायला जाणारे अनेक प्रवासी ओयांताइताम्बो या गावी रेल्वेत बसतात आणि त्यांतले बरेचजण आधी येऊन तिथे मुक्काम करतात. याच गावात आम्हा चौघांची, म्हणजे मी, माझी पत्नी आणि तिचे आईवडील यांची, माचू पिचूच्या प्रवेशाच्या तिकिटांत फसवणूक झाली. इतक्या लांबचा आणि इतका खर्चाचा प्रवास बहुतेकांच्या वाट्याला एकदाच येतो, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

गावाबद्दल माझ्या मनात जराही कडवटपणा नाही. सुमारे २,८०० मीटर उंचीवरचे हे गाव आजही इंका काळातल्या आखणीवर नांदते आहे. अरुंद दगडी गल्ल्यांच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात आणि डोंगरावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बांधकामाच्या माथ्यावर सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्या शिळा नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणल्या हे कळले, तेव्हा सासरे बराच वेळ त्यांच्यापुढून हलले नाहीत. या अवशेषांचे तिकीट प्रवेशद्वारावरच्या खिडकीत मिळते, त्यामुळे तिथे मध्यस्थाला फारसा वाव नाही. माचू पिचूची व्यवस्था मात्र निराळी आहे, आणि फसवणारे नेमका तिचाच फायदा घेतात.

जून २०२४ पासून माचू पिचूत तीन सर्किट, म्हणजे ठरवून दिलेल्या फेऱ्या, आणि त्यांच्या अंतर्गत दहा मार्ग आहेत, आणि तिकिटावर जो मार्ग असेल त्यावरूनच फिरावे लागते. परदेशी प्रौढाला साध्या मार्गाचे तिकीट १५२ सोलला (सोल हे पेरूचे चलन) पडते, मग सर्किट कोणतेही असो. सर्किट १ वरून वरच्या बाजूने दिसणारे प्रसिद्ध दृश्य मिळते, सर्किट ३ खालच्या भागातून जाते, आणि सर्किट २ मध्ये ते दृश्यही मिळते व नगराच्या आतही फिरता येते. साहजिकच सर्किट २ ची तिकिटे सर्वांत आधी संपतात, हंगामात तर कित्येक आठवडे अगोदर. डोंगरावरच्या प्रवेशद्वाराशी तिकीटविक्री होत नाही. प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो व ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

ओयांताइताम्बोच्या चौकाजवळ एका एजंटाचे नीटनेटके कार्यालय होते. टेबल, संगणक, भिंतीवर नकाशे, सारे काही एखाद्या सुस्थापित व्यवसायाला शोभेल असे होते. त्याने सांगितले की सरकारी साइटवरची सर्किट २ ची तिकिटे संपली असली, तरी एजन्सीच्या कोट्यातली चार जागा त्याच्याकडे शिल्लक आहेत, आणि म्हणूनच किंमत दुपटीहून अधिक आहे. त्याने आमच्या पासपोर्टचे फोटो काढले, रक्कम रोख सोलमध्ये घेतली आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार पीडीएफ पाठवल्या. नावे बरोबर होती, पासपोर्ट क्रमांक बरोबर होते, क्यूआर कोड होता, आणि ठळक अक्षरांत सर्किट २ लिहिलेले होते.

प्रवेशद्वारावर कर्मचाऱ्याने कोड तपासला, तेव्हा यंत्राच्या पडद्यावर आमच्याच नावापुढे सर्किट ३ आले. तिकिटे खोटी नव्हती. एजंटाने शिल्लक असलेली सर्किट ३ ची तिकिटे मूळ किमतीत घेऊन पीडीएफवरचा तेवढाच मजकूर बदलला होता. डोळ्यांनी पाहून हा फरक कोणालाही कळला नसता. कर्मचारी सौजन्याने बोलला, पण यंत्रात आहे त्याच मार्गाने जावे लागेल, हे त्याने स्पष्ट केले. ज्या दृश्यासाठी सासूबाई सत्तरीत एवढ्या उंचीवर आल्या होत्या, ते त्यांना पाहता आले नाही, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. पैशांचे दुःख त्यापुढे किरकोळ आहे.

तिकिटे नावानिशी निघत असल्यामुळे ती एजंटाला आधीच घेऊन ठेवता येत नाहीत, म्हणून अशा एजंटाचे म्हणणे तिथल्या तिथे तपासता येते. संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत साइटवर कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गावर किती जागा उरल्या आहेत हे कोणालाही दिसते. एजंटासमोर बसूनच मोबाईलवर ते पाहावे. तिथे जागा नसेल आणि तरी तो जागा असल्याचे सांगत असेल, तर कोट्याची कितीही गोड कथा ऐकली तरी पैसे देऊ नयेत. जमेल तर तिकीट स्वतःच्या कार्डाने आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावे. साइटवर काहीच उरले नसेल, तर माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावात रोज मर्यादित तिकिटे खिडकीवर विकली जातात. पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहण्याची तयारी आणि एखादा जादा दिवस हाताशी असला, की हा रास्त मार्ग आहे. एजंटाकडूनच घ्यायचे असेल, तर त्याचा अकरा अंकी करक्रमांक छापलेली पावती मागावी आणि तिच्यावर सर्किट व मार्ग लिहून घ्यावा. पावती टाळणाऱ्याकडून तिथूनच परतावे.

फसवणूक झालीच, तर पेरूमध्ये ग्राहकाला एक चांगले साधन कायद्याने दिले आहे. प्रत्येक व्यवसायाला तक्रारवही ठेवावी लागते, तसा फलक दर्शनी जागी लावावा लागतो, आणि वही मागितल्यावर ती द्यावीच लागते. आम्ही परतल्यावर त्या कार्यालयात गेलो, तेव्हा एजंटाने प्रथम यंत्रातल्या बिघाडाचे कारण पुढे केले. पत्नीने शांतपणे तक्रारवही मागितली आणि पर्यटकांना विनामूल्य मदत करणाऱ्या ‘आयपेरू’ या सरकारी सेवेला तिथूनच फोन लावला. व्हॉट्सॲपवरचे त्याचे सारे संदेश, ज्यांत सर्किट २ चा उल्लेख वारंवार होता, आम्ही जपून ठेवले होते, आणि तेच उपयोगी पडले. बऱ्याच वादानंतर त्याने मूळ किमतीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम परत केली. उरलेल्या रकमेसाठीची आमची तक्रार त्या वहीत नोंदवलेली आहे व तिची प्रत आमच्याकडे आहे.