कलर गार्ड, बॅटन की ड्रिल टीम: टेक्सासमधल्या मराठी पालकांसाठी

टेक्सासच्या हायस्कूलमध्ये नववीत जाणाऱ्या मुलीला वाद्य न वाजवता मार्चिंग बँडबरोबर मैदानावर उतरायचे असेल, तर तिच्यापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात: झेंडे फिरवणारा कलर गार्ड, बॅटन फिरवणारे ट्वर्लर आणि नृत्य करणारी ड्रिल टीम. निवडचाचण्या बहुधा आठवीच्या अखेरीस होतात. पोशाखाची चमक पाहून निर्णय घेण्यापेक्षा मुलगी आजवर काय शिकली आहे, हे आधी पाहावे.

पूर्वतयारी काहीच नसेल, तर कलर गार्डच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे सहा फुटांचा दांडा, त्याच्या टोकांत तोलासाठी घातलेले वजन आणि तलम कापड एवढ्यावर शिक्षण सुरू होते. दांडा अंगासमोर गोल फिरवत या हातातून त्या हातात घेण्याचा ‘ड्रॉप स्पिन’ शेकडो वेळा घोटून घेतला जातो आणि त्यानंतर लाकडी रायफल व तलवार हाती येते. ढोल-ताशा पथकात ध्वज नाचवलेल्या मुलीला दांड्याच्या वजनाची भीती वाटणार नाही, परंतु तिथला मोकळा जोश इथे चालत नाही, कारण आठ मात्रांतल्या नेमक्या मात्रेवर सगळ्यांचे दांडे एकाच कोनात यावे लागतात. बँडचा हंगाम संपल्यावर हीच कला हिवाळ्यात बंदिस्त क्रीडागृहात अंथरलेल्या ताडपत्रीवर सादर होते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या विंटर गार्ड इंटरनॅशनल या संघटनेची अंतिम स्पर्धा ओहायोतील डेटन येथे भरते. मुलगे गार्डमध्ये सर्रास असतात, हेही मुलग्यांच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

बॅटनचे गणित वेगळे आहे. पोलादी कांडीचे एक रबरी टोक दुसऱ्यापेक्षा जड असल्याने तिचा तोल मध्यावर नसतो, थोडा जड टोकाकडे सरकलेला असतो. तो बिंदू न पाहता बोटांना सापडणे आणि उंच फेकलेली कांडी वाऱ्यात अचूक झेलणे एका उन्हाळ्यात साधत नाही. चांगले ट्वर्लर बहुधा प्राथमिक शाळेपासून शिकत आलेले असतात, आणि शाळेत जागाही मोजक्याच असतात. मात्र एकटीने मैदान गाजवण्याची हौस असेल, तर याला तोड नाही: काही विद्यापीठे एकल ट्वर्लरला शिष्यवृत्ती देतात, आणि पर्ड्यू विद्यापीठात ‘गोल्डन गर्ल’ या मुख्य ट्वर्लरची परंपरा १९५४ पासून चालू आहे. उलट, हातून कांडी निसटली तर ती लपवायला शेजारी कोणी नसते.

ड्रिल टीमचे मूळ टेक्सासातच आहे. किलगोर कॉलेजात गसी नेल डेव्हिस यांनी १९४० मध्ये रेंजरेट्स पथक उभे केले. कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या मुलीला तालाची अडचण येत नाही, मात्र उंच किक आणि स्प्लिटसाठी लागणारी लवचिकता वेगळी कमवावी लागते. ड्रिल टीम अनेक शाळांत बँडपासून स्वतंत्र असते, त्यामुळे बँडच्या स्पर्धांना ती जाईलच असे नाही. मैदानाकडेच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर थेट बँडच्या सुरावर, कर्णधाराने सुरू केलेली हालचाल मागच्या रांगांनी उचलत नाचण्याची मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट विद्यापीठाच्या जे-सेट्स या नृत्यपथकाची शैली ही मात्र निराळीच गोष्ट आहे. तिची ओढ असेल तर महाविद्यालय निवडताना विचार करावा.

टेक्सासमध्ये मार्चिंग बँड आणि ड्रिल टीम या दोहोंना शारीरिक शिक्षणाच्या क्रेडिटऐवजी मान्यता मिळू शकते. आपल्या शाळेत ती कशी लागू होते, हे चाचणीपूर्वीच समुपदेशकाला विचारून घ्यावे.