इंदूरच्या वाचनालयातील संदर्भसेवा : सर नारायण चंदावरकरांच्या निमित्ताने

राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या मराठी वाचनालयात अभ्यासकांसाठी संदर्भसेवा आहे. विषय लेखी कळवला की ग्रंथपाल त्यासंबंधीची पुस्तके, अहवाल आणि नियतकालिकांचे अंक शोधून अभ्यासिकेत काढून ठेवतात. सर नारायण गणेश चंदावरकर यांच्या चरित्राच्या अभ्यासासाठी मी ही सेवा घेतली आणि ती मला अतिशय मोलाची वाटली.

चंदावरकर हा विषय कोणत्याही ग्रंथपालाची कसोटी पाहणारा आहे. १८५५ साली होनावर येथे जन्मलेले हे वकील 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादक होते. १८८५ मध्ये मनमोहन घोष आणि रामस्वामी मुदलियार यांच्यासह हिंदुस्थानची बाजू ब्रिटिश मतदारांपुढे मांडण्यासाठी ते विलायतेस गेले आणि १९०० मध्ये लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. साहजिकच सूचीत त्यांचे साहित्य कायदा, धर्म आणि राजकारण अशा तीन ठिकाणी विखुरलेले असते. येथे ते कालक्रमाने एकत्र लावून मिळाले, आणि त्यामुळेच एक गोष्ट माझ्या प्रथमच नीट ध्यानात आली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद स्वीकारल्यावर काँग्रेसचे व्यासपीठ त्यांना सोडावे लागले, तरी समाजसुधारणेचे कार्य त्यांनी सोडले नाही; रानड्यांच्या पश्चात प्रार्थना समाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी व उन्नतीसाठी स्थापन केलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. सरकारी न्यायासनावरील व्यक्तीने त्या काळी असे उघडपणे उभे राहणे ही माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याची बाब आहे.

उणीव आहे ती नेमकी इंदूरच्या पर्वाची. न्यायाधीशपदानंतर चंदावरकर काही काळ होळकर संस्थानाचे दिवाण होते, पण त्याविषयी येथे त्रोटक उल्लेखांपलीकडे काही मिळाले नाही. याच शहरातील वाचनालयाने संस्थानी कारभाराच्या अहवालांच्या प्रती मिळवून हा विभाग समृद्ध करायला हवा.

जीर्ण ग्रंथांच्या छायाप्रती मिळत नाहीत, हे योग्यच आहे. टिपणे काढण्याच्या तयारीने जावे आणि विषय आधीच कळवावा. १९२१ मध्ये ते मुंबई कायदे मंडळाचे अध्यक्ष झाले, त्या काळातील साहित्यासाठी मी आता नवी मागणी नोंदवली आहे.