डॉक्टर उत्तम, रिसेप्शन वैताग: पुण्यातल्या एका ॲलर्जी क्लिनिकबद्दल

नाव लिहीत नाही, कारण इंजेक्शनं अजून चालू आहेत आणि रिसेप्शनवरच्या बाई मला ओळखतात.

मी ग्रंथालयात कामाला. जुने गठ्ठे सोडले की शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज. पुण्यात कुणाची सर्दी हटेना झाली की सगळे गाजर गवतावर खापर फोडतात, तसं आमच्याकडेही फोडून झालं होतं. टेस्टमध्ये गाजर गवत चक्क निगेटिव्ह! निघाले ते डस्ट माइट (धुळीतले, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) आणि झुरळ.

टेस्टआधी सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवायला लावतात, नाहीतर कातडीवर काही उठतच नाही. तो आठवडा कठीण. टेस्ट मात्र काहीच नाही. हातावर पेनाने आकडे घालतात, प्रत्येकाशेजारी एकेका संशयिताच्या अर्काचा थेंब आणि त्यातून हलकंसं टोचणं. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीरात सुटणारं, गांध उठवणारं रसायन). हिस्टामिनचा फुगला आणि सलाइनचा नाही, तरच बाकीचं खरं धरायचं. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही, मग डॉक्टर मॅडम कातडीवर उठलेली प्रत्येक गांध पट्टीने मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा जास्त मोठी असली तर पॉझिटिव्ह.

माझी कोळंबीचीही छोटी गांध उठली. धस्स झालं. मॅडमनी विचारलं, "खाऊन कधी त्रास झालाय?" कधीच नाही. "मग खा." माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं मिळतंजुळतं प्रथिन असतं, त्यामुळे असं होऊ शकतं म्हणे. त्रास आणि टेस्ट जुळल्याशिवाय काही बंद करायचं नाही. या एका वाक्यासाठी फी वसूल. माझ्या नणंदेला दुसरीकडे आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून दूध, गहू, अंडी अशी लांबलचक यादी हातात दिली होती. बिचारी नाचणीच्या भाकरीवर आली आणि शिंका तशाच.

उपचार म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याच्याच अर्काची इंजेक्शनं, शरीराला सवय लावायला. आधी दर आठवड्याला, डोस वाढवत वाढवत, मग महिन्याला एक. एकूण तीन ते पाच वर्षं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, आवडलं. दंडात कातडीखाली देतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, जोराची रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनालिन तिथेच ट्रेमध्ये तयार. एकदा छातीत घरघर होती तर इंजेक्शन न देता परत पाठवलं. व्हायल (इंजेक्शनच्या औषधाची बाटली) घरी नेऊन शेजारच्या कंपाउंडरकडून टोचून घेता येईल का, विचारलं तर साफ नाही म्हणाल्या. बरोबरच आहे.

फरक? सकाळच्या शिंका बऱ्याच कमी, नाकाचा स्प्रे अधूनमधूनच लागतो. गादीला कव्हर घातलं, चादरी कढत पाण्यात धुते, त्याचाही वाटा असणारच.

आता रिसेप्शन. सहाची वेळ देऊन साडेसातला आत. फोन उचलत नाहीत. एकदा व्हायल मागवायलाच विसरले आणि डोस पुढे गेला, वर मलाच म्हणे, "तुम्ही आठवण करायची ना!" मेडिक्लेमनेही एक पैसा दिला नाही.

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. सकाळचा पहिला नंबर घ्या आणि गाडी नेऊ नका, पार्किंग नाही.