जुन्या वस्तऱ्याला नवी मूठ: लिनन मायकार्टा कसा ठरतो

जुन्या वस्तऱ्याचं पातं बहुधा वाचतं, मूठ वाचत नाही. शिंगाच्या पट्ट्या वाकतात, त्यांना कीड लागते. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, तर पात्याच्याच मुळावर उठतो: तो कुजायला लागला की आम्लाची वाफ सुटते आणि मुठीत झाकलेल्या भागावरच गंज चढतो. अशी मूठ लगेच सोडवून पात्यापासून आणि विस्तवापासून लांब ठेवावी, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतो. तिच्या जागी काय बसवायचं? रोज दाढीला वापरायच्या वस्तऱ्यासाठी आमची पसंती लिनन मायकार्टाला आहे.

मायकार्टा म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये (एका कृत्रिम राळेत) भिजवून, उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेले कापडाचे, इथे लिननचे, थर. वेस्टिंगहाउस कंपनीने १९१० च्या सुमारास तो विजेच्या कामात इन्सुलेशनसाठी आणला. त्याचं वजन साधारण शिंगाइतकंच भरतं, त्यामुळे वस्तऱ्याचा तोल बिघडत नाही. जी-१० म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचा माल. तो जास्त ताठ, पण जड, आणि ५/८ इंच रुंदीच्या हलक्या पात्याला लावला की हातात मूठच जाणवत राहते. लाकूड देखणं खरं, पण ओल्या हातात फुगतं.

मूठ करण्याआधी पातं नीट करून घ्यावं. जुन्या रिव्हेटचं डोकं बारीक कानशीने सपाट करून वायसर सोडवा आणि मग १.५ मिमीच्या पंचाने रिव्हेट हलकेच बाहेर ढकला. डोकं न उतरवता ठोकलं तर रिव्हेट भोकातच फुगतो आणि नमुना म्हणून हवी असलेली जुनी पट्टी चिरते. गंज काढायला वेट-ड्राय पॉलिश पेपर तेल लावून वापरा, बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून, क्रमाने बारीक दाण्याचा: ४००, ६००, १०००, २००० नंबर. खड्डे खोल असतील तरच २४० ने सुरुवात करा. धार आधी बोथट करून घ्या आणि घासताना हात कधीही धारेच्या दिशेने नेऊ नका. पात्याच्या पाठीला मात्र कमीत कमी हात लावावा. निसण्यावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते. बफिंगच्या चाकावर पोकळ घासणीचं (दोन्ही बाजू आत खोलगट घासलेलं) पातळ पातं क्षणात तापतं. निळसर झाक दिसली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, आणि ते पाते पुन्हा धार धरत नाही. धारेपर्यंत पोचलेला खड्डाही तसाच, कितीही चमकवला तरी तिथे धार तुटत राहणार.

आता मायकार्टा. प्रत्येक पट्टीसाठी किमान १६५ मिमी लांब, ३० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड तुकडा घ्या. ही ३ मिमी जाडी तशीच ठेवणं ही सर्रास होणारी चूक. पट्ट्या किंचित बाहेर फाकून पुन्हा दाब देणाऱ्या हव्यात, आणि ३ मिमीला मायकार्टा वाकतच नाही. घासून २.३ ते २.५ मिमीवर आणा. २ च्या खाली गेलात तर बोटांच्या दाबाने पट्टी आत येऊन धारेला लागते.

दोन्ही तुकडे दुहेरी टेपने चिकटवून एकत्रच कापा आणि १.६ मिमीची भोकंही एकत्रच पाडा, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर उचकटतो. कोरडं घासताना मास्क हवाच. ओलं घासलं तर उत्तम, धूळ उडत नाही.

खरी परीक्षा पाचरीची असते. पट्ट्यांच्या टोकाला बसणारी ही पाचर शेवटाकडे साधारण २.५ मिमी आणि आतल्या बाजूला १.५ मिमीपर्यंत उतरती घासा. बंद करताना पात्याची जाड पाठ पट्ट्यांच्या अरुंद होत जाणाऱ्या फटीत अडकते, तिथेच पातं थांबतं. पाचर जाड झाली की पाठ अडकतच नाही आणि धार खालून बाहेर डोकावते. पातळ झाली तर पातं पुरतं आत बसत नाही. म्हणून रिव्हेट ठोकण्याआधी ०-८० मापाच्या बारीक स्क्रू-नटांनी सगळं जोडून उघडझाप करून पाहा, आणि पाचर थोडी थोडी घासत जा. या टप्प्यावर घाई करणाऱ्याची मूठ पुन्हा सोडवावी लागते, यात शंका नाही.

रिव्हेट आधी पाचरीचे, मुख्य खीळ, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं ती, शेवटी. १.६ मिमीची पितळी तार वायसरबाहेर जेमतेम ०.८ मिमी ठेवा. जास्त ठेवली तर ठोकताना वाकते. शंभरेक ग्रॅमची हातोडी, हलके आणि पुष्कळ ठोके, आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी. इथे मायकार्टा सगळ्यात जास्त भावतो: शिंग ज्या ठोक्याला तडकतं तो हा सहज पचवतो. पात्याचं शेपूट (खिळीजवळचा धार नसलेला भाग) आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पातळ पितळी वायसर घाला, नाहीतर पातं पट्टीवर चरे पाडतं.

उणिवाही आहेत. घासलेल्या लिननचे धागे उघडे राहतात आणि पाणी, साबण थोडा शोषतात. बाहेरून पातळ सुपरग्लूचे दोन हात देऊन २००० ने घासलं की तो प्रश्न मिटतो. फिकट रंगाचा मायकार्टा उन्हाने आणि हाताच्या तेलाने तपकिरी होत जातो. मूळची पांढरी झाक टिकवायची असेल तर हा माल घेऊ नका. आणि सोनेरी नक्षीच्या, संग्रहात ठेवायच्या वस्तऱ्याची मूळ मूठ शाबूत असेल तर ती बदलूच नका. खरेदी करताना दोन्ही तुकडे एकाच शीटचे, शेजारशेजारचे मागून घ्या. वेगळ्या शीटच्या थरांच्या रेषा घासल्यावर जुळत नाहीत.